पडवीतल्या साठ मूर्ती आणि पतसंस्थेतली नोकरी

प्रश्न : मी एकतीस वर्षांचा. चिपळूणजवळच्या गावात राहतो, पतसंस्थेत लिपिक आहे. शाळेत असल्यापासून शाडूचे गणपती करतो. घरचा आणि नातेवाइकांचे मिळून दरवर्षी सात-आठ होतात. माती हातात आली की जेवणाची आठवण राहत नाही. सगळे म्हणतात, हाच धंदा कर. दिवाळीनंतर राजीनामा द्यावा, बाजारपेठेच्या बाजूला शेड भाड्याने घ्यावी आणि पुढच्या चतुर्थीला ३०० मूर्ती कराव्यात असं मनात आहे. घरखर्चाला महिन्याला २२ हजार लागतात. आई आणि बायको मदतीला आहेत. नोकरी सोडू का?

उत्तर : नमस्कार. दिवाळीनंतर राजीनामा देऊ नका. मूर्ती मात्र नक्की करा. ३०० नाही, ६०. शेड न घेता घरच्या पडवीत करा, नोकरी सांभाळून करा, आणि त्यातला प्रत्येक तास व प्रत्येक रुपया वहीत लिहा. तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण आठ मूर्ती करणं आणि ३०० करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यातलं दुसरं तुम्ही अजून केलेलं नाही.

आधी तासांचा हिशेब. साच्यातून काढलेल्या एक फुटी शाडूच्या मूर्तीला नवख्या कारखान्यात साधारण असा वेळ धरा : माती दाबून दोन भाग जोडायला २ तास, हात, सोंड, कान, मुकुट बसवून कोरणीने सफाई करायला २ तास, वाळल्यावर भेगा भरून घासायला १ तास, पांढरा हात (रंगाआधीचा पांढरा थर) आणि अंगरंग, पीतांबर यांना २ तास, दागिने आणि डोळ्यांची आखणी १ तास. एकूण आठ. ३०० मूर्तींचे होतात २,४०० तास. जानेवारी ते ऑगस्ट हे आठ महिने धरले तर महिन्याला ३०० तास, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज दहा तास. त्यात माती भिजवणं, मळणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, सामान आणणं धरलेलंच नाही. पेणला आणि शेजारच्या हमरापूर, जोहे या गावांत एवढ्या मूर्ती सहज निघतात, कारण तिथे दाबणारा वेगळा, घासणारा वेगळा, अंगरंग मारणारा वेगळा आणि आखणी करणारा वेगळा असतो. एकच काम दिवसभर करणारा हात वेगात चालतो. तुमच्याकडे तो संच नाही, आणि पहिल्याच वर्षी तो पगारावर उभा करायचा म्हणजे मूर्ती विकायच्या आधी मजुरी वाटायची.

६० मूर्तींचे ४८० तास होतात. हे नोकरी सांभाळून बसतं, पण कामाची वाटणी पावसाप्रमाणे करावी लागते. कोकणात जून उजाडायच्या आत सगळी कच्ची मूर्ती वाळून मांडणीवर गेली पाहिजे. नोव्हेंबर-डिसेंबर साच्यासाठी ठेवा. जानेवारी ते मे हे एकवीस-बावीस आठवडे दाबण्याचे आणि सफाईचे : आठवड्याला तीन मूर्ती, म्हणजे बारा तास, शनिवार-रविवार आणि एखादी संध्याकाळ. जून ते ऑगस्ट घासणं, रंग आणि आखणी. यात आठवड्याला अठरा तास जातील आणि इथेच घरच्यांची मदत लागेल. आईंना आणि बायकोला एकेक ठरावीक काम द्या. एकीने फक्त घासणं आणि पांढरा हात, दुसरीने फक्त अंगरंग. आखणी तुम्हीच करा. साठ मूर्तींचे डोळे तीन हातांनी काढले तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक 'गेल्या वर्षीसारखा चेहरा' मागेल तेव्हा पंचाईत होते.

पंचांगाकडेही लक्ष ठेवा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला आणि २०२८ मध्ये थेट २३ ऑगस्टला. दोन वर्षांत बावीस दिवस कमी होतात, आणि हे दिवस नेमके पावसात रंग वाळवायचे असतात. अधिकमासाच्या वर्षी जमलेला आकडा पुढच्या वर्षी तसाच जमेल असं गृहीत धरू नका.

आता पैसे. खालचे भाव उदाहरणादाखल आहेत. तुमच्याकडचे घालून हाच हिशेब पुन्हा मांडा. एका मूर्तीला माती आणि काथ्या १०० रुपये, रंग-डिंक-पॉलिश पेपर १२०, बांधणीचं सामान ५०, वीज वगैरे ३०, आणि ६,००० रुपयांचा साचा ६० मूर्तींवर वाटला तर १००. झाले ४०० रुपये. ६० मूर्तींना २४,००० खर्च. त्यातल्या पाच फुटतील किंवा राहतील असं धरा. ५५ मूर्ती १,५०० रुपयांनी गेल्या तर ८२,५०० येतात, हाती राहतात ५८,५००. तासाला सुमारे १२२ रुपये पडले; नवख्यासाठी वाईट नाही. आता याच हिशेबात महिना ४,००० रुपयांची शेड आठ महिने घाला. ३२,००० वजा झाले, उरले २६,५००, तासाला ५५ रुपये. शेड ही पहिल्या वर्षीची चैन आहे. आणि तुमचे वर्षाचे २ लाख ६४ हजार निव्वळ एक फुटी मूर्तींतून काढायचे तर एका विकलेल्या मूर्तीमागे १,०६० च्या आसपास उरतात असं धरून सुमारे २५० मूर्ती विकाव्या लागतात. म्हणजे २७० करायच्या, म्हणजे आठ महिने रोज नऊ तास, आणि तेव्हा शेडही लागणार. एकाच मापाच्या मूर्तीवर, एकट्याच्या हाताने, संसार चालत नाही. हे आत्ताच कळलेलं बरं.

जागेचं गणितही सोपं आहे. एक फुटी मूर्तीला वाळताना चारी बाजूंनी वारा लागावा म्हणून दीड बाय दीड फूट जागा द्यावी लागते. ६० मूर्तींना १३५ चौरस फूट फळी लागली. तीन मजली मांडणी केली तर जमिनीवर ४५ चौरस फूट आणि तेवढीच फिरायला वाट. मोठ्या पडवीत हे मावतं. शेडच घ्यायची वेळ आली तरी बाजारपेठेजवळची सखल जागा नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा चतुर्थीला दीड-पावणेदोन महिने उरले होते. शाडूच्या मूर्तीला बुडायचीही गरज नसते; खालच्या फळीला तासभर पाणी लागलं तरी बैठक विरघळून वरची मूर्ती आडवी होते. उंचावरची जागा दोन किलोमीटर लांब असली तरी चालेल. पाट, म्हणजे मूर्ती बसवायची फळी, आणून देऊन मूर्ती सांगायला माणसं तिथेही येतात. मालाचा विमा उतरवायचा असेल तर त्यात पूर धरला आहे का, हे कागदावर वाचून घ्या.

आता कामाकडे. तुम्ही आजवर सात-आठ मूर्ती हाताने घडवल्या. साठ मूर्तींना साचा लागणार. त्यात कमीपणा मानू नका, पण बाजारातला तयार साचा आणून सगळ्यांसारखी मूर्ती करायची असेल तर तुमच्याकडे येण्याचं गिऱ्हाइकाला काही कारण उरत नाही. तुमचं खरं भांडवल घडवण्याचा हात आहे. म्हणून वर्षाला एक मूळ मूर्ती स्वतः घडवा आणि तिचाच साचा करा. ज्या कामात तुम्हाला जेवणाची आठवण राहत नाही, ते एवढंच असेल. ते नोव्हेंबरमध्ये निवांतपणे करा. बाकीचं वर्ष मेहनतीचं आहे.

मूळ मूर्ती करताना आक्रस धरा. शाडू वाळताना साधारण ५ ते ८ टक्के आकसतो. वाळलेली मूर्ती बारा इंच हवी तर मूळ पावणेतेरा इंचांच्या आसपास लागते. हे न धरल्यामुळे 'एक फुटाची सांगितली होती, ही अकरा इंचांची आहे' अशी भांडणं ऐन चतुर्थीत होतात. पहिल्या मातीची दहा इंची पट्टी करून वाळवा आणि मोजा, म्हणजे तुमच्या मातीचा आक्रस कळेल. पसरलेले हात, सोंडेचं टोक, आयुधं आणि प्रभावळ मुळातून वेगळी ठेवा. साच्यात अडकून तुटणारे भाग हेच.

साचा पीओपीचा की रबराचा? मूर्तीत पीओपी नको, पण साच्यात तो उत्तम. तो मातीतलं पाणी शोषतो, माती तासाभरात किंचित आकसते आणि आपोआप सुटते. अडचण अशी की चार-पाच वेळा दाबल्यावर साचा ओला होतो आणि माती सोडत नाही. जोर लावला की नाक आणि बोटं साच्यातच राहतात. तेव्हा त्याला एक-दोन दिवस उन्हात सुकवावं लागतं. आठवड्याला तीन मूर्तींना एक साचा पुरतो. रबरी साच्यात बारीक नक्षी चांगली उठते आणि वळणदार भागही सुटतात, पण रबर पाणी पीत नाही. म्हणून माती थोडी घट्ट घ्यावी लागते, आत शंखजिऱ्याची पूड शिंपडावी लागते आणि मूर्ती जास्त वेळ साच्यात ठेवावी लागते. रबरी साचा बाहेरच्या कठीण आवरणासकट ठेवा. नुसतं रबर उन्हात पडलं तर वाकडं होतं आणि पुढच्या सगळ्या मूर्ती एका अंगाला कलतात.

शाडू पूड स्वरूपात पोत्यांतून येतो. आपल्याकडचा बराचसा गुजरातमधून, भावनगरकडून. वर्षाचा सगळा एकदम घ्या. दोन खेपांची माती वेगवेगळी आकसते, आणि मूर्ती एका खेपेची व हात दुसऱ्या खेपेचे असले तर सांध्यावर भेग ठरलेली. एक फुटी पोकळ मूर्तीला, बैठकीप्रमाणे, वाळल्यावर पाच ते आठ किलो वजन येतं; वाया जाणारी धरून मूर्तीमागे आठ-नऊ किलो पूड धरा. माती एक रात्र भिजवा, चाळलेली असू द्या, मग मळा. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाला गुंडाळा. तडकली तर पाणी किंवा मळणी कमी आहे. हाताला चिकटून लोंबली तर पाणी जास्त आहे. मळलेली माती ओल्या गोणपाटात आणि वर प्लॅस्टिकमध्ये दोन दिवस मुरू द्या. सोंड, मनगट, मान अशा भागांसाठीच्या मातीत पिंजलेला कापूस किंवा बारीक कातरलेला काथ्या मिसळा. सगळ्या मूर्तीत घातला तर वरची सफाई करताना धागे निघत राहतात.

दाबताना जाडी सगळीकडे सारखी, अर्धा ते पाऊण इंच ठेवा. मूर्ती बिघडण्याची निम्मी कारणं या एका गोष्टीत आहेत. पातळ भाग आधी वाळतो आणि आकसतो, जाड भाग मागे राहतो, आणि दोघांच्या मधे भेग पडते. म्हणून भेगा मान, सोंडेचं मूळ, मांडी आणि बैठक यांचा सांधा अशा ठिकाणीच दिसतात. दोन्ही भाग जोडताना कडा आडव्या-उभ्या खरवडा, पातळ कालवलेली माती लावा आणि दाबा. गुळगुळीत कडा नुसत्या पाण्याने चिकटवल्या तर वाळल्यावर मूर्ती शिवणीवर उकलते. तळाला बोटभर भोक ठेवा, नाहीतर आतली हवा आणि ओल बाहेर पडत नाही.

तळाची आणखी एक गोष्ट. ओली मूर्ती थेट लाकडी फळीवर ठेवली की तळ फळीला धरून बसतो. वरची मूर्ती आकसते, तळाला आकसता येत नाही, आणि बैठकीला पुढून मागे सरळ भेग जाते. खाली दोन पदरी वर्तमानपत्र घाला किंवा कोरडी पूड पसरा, म्हणजे तळ सरकायला मोकळा राहतो. पाट देऊन गेलेल्या गिऱ्हाइकाच्या पाटावर ओली मूर्ती बसवायचा मोह टाळा. पूर्ण वाळल्यावर बसवा.

वाळवणं सावलीत. पहिले दोन दिवस मूर्तीवर सुती कापड सैल टाका, मग काढा. पंख्याचा झोत थेट मारू नका. उन्हाळ्यात आठ ते पंधरा दिवस लागतात, पावसात तीन-चार आठवडे लागूनही खात्री नसते. वाळली का, हे रंगावरून ठरवू नका. वरून पांढरी दिसणारी मूर्ती आतून ओली असते. हाताची उपडी बाजू लावून पाहा, गार लागली तर ओल आहे. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे वजनकाटा : तीच मूर्ती दोन दिवसांच्या अंतराने तोला, वजन उतरलं नाही की वाळली. ओल्यावर रंग दिला तर चार दिवसांत पोपडे धरतात, पांढरे डाग उमटतात, कधी बुरशी येते, आणि ते सगळं मूर्ती गिऱ्हाइकाच्या घरी मखरात बसल्यावर दिसतं.

भेग पडलीच तर ओल्या मातीने बुजवू नका. ती माती वाळताना पुन्हा आकसते आणि भेग परत तोंड उघडते. त्याच मूर्तीची घासलेली कोरडी पूड पातळ डिंकाच्या पाण्यात घट्ट कालवा, भेगेच्या कडा किंचित ओलसर करा आणि दोन-तीन थरांत भरा. बोट जाईल एवढी भेग असेल तर मूर्ती मोडून भिजत टाका. रंग न लागलेला शाडू पुन्हा वापरता येतो. दोन तास वाचवायला जाऊन तुटकी मूर्ती गिऱ्हाइकाच्या डोक्यावर देणं तुम्हाला परवडणार नाही.

घासताना उडणारी धूळ फुप्फुसात साठते. चांगला मास्क लावा, काम उघड्यावर करा, आणि शक्य तिथे कोरड्या पॉलिश पेपरऐवजी पिळलेल्या स्पंजने पुसून सफाई करा. लहान मुलं त्या खोलीत नकोत.

रंग पाण्यातले. ऑइलपेंट किंवा वॉर्निशचा हात दिला तर मूर्ती चकाकते खरी, पण पाणी आत शिरत नाही आणि शाडू घेऊन उपयोग काय झाला, असं विसर्जनाच्या दिवशी गिऱ्हाईकच विचारतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही मातीची मूर्ती आणि विषारी नसलेले, नैसर्गिक रंग यांवरच भर आहे. पीओपीबाबत न्यायालयाचे आदेश मधल्या काळात बदलत गेले. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती करायला मुभा दिली, पण सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचं नैसर्गिक पाण्यात विसर्जन करायला नाही. पीओपीवर बंदी येईल आणि सगळे शाडूकडे वळतील, या भरवशावर मोठी उडी मारू नका. तुमचा धंदा तुमच्या चेहऱ्यांवर उभा राहायला हवा.

आता गिऱ्हाईक. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या एका घराचा पाट एकाच गणपतीच्या शाळेत, म्हणजे कारखान्यात, जातो. याचा अर्थ नवीन माणसाकडे पाट हळूहळू येतात, आणि एकदा आले की सहसा जात नाहीत. पहिल्या वर्षी ६० पैकी ३५-४० पाट ओळखीतून मिळाले तर भरपूर समजा. 'काय सुंदर मूर्ती' म्हणणारे मोजू नका. पाट आणि आगाऊ रक्कम देणारे मोजा. तुमचे आजवरचे सात-आठ नातेवाईक पैसे देतात का? नसतील देत, तर या वर्षीपासून त्यांना ठरलेला भाव सांगा, हवं तर थोडा कमी. घरच्यांना फुकट आणि बाहेरच्यांना विकत, हे एका गावात चार महिनेही टिकत नाही.

प्रत्येक पाटामागे वहीत एक पान : नाव, वाडी, उंची, सोंड डावी की उजवी, पीतांबराचा रंग, न्यायचा दिवस, आगाऊ आलेले पैसे, बाकी. पाटाच्या खाली तोच क्रमांक रंगवा. आगाऊ किमान तिसरा हिस्सा घ्या आणि बाकी मूर्ती उचलतानाच. विसर्जनानंतरची उधारी वसूल होत नाही. देव पाण्यात गेल्यावर पैसे मागायला तुम्हालाही जड जातं. सुतक आलं आणि घराने गणपती पुढे ढकलला किंवा त्या वर्षी आणलाच नाही, असं दरवर्षी एक-दोन घरांत होतं. त्यांची आगाऊ रक्कम पुढच्या वर्षाला धरा आणि हे पाट घेतानाच हळुवारपणे सांगून ठेवा.

पाट न आलेल्या मूर्ती रंगवू नका. कच्ची, वाळलेली मूर्ती कोरड्या जागी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली तर पुढच्या वर्षी चालते, नाहीतर भिजवून माती परत मिळते. रंगवलेली मूर्ती मात्र चतुर्थीच्या संध्याकाळी कोणी घेत नाही. म्हणून ऑगस्टपर्यंत जेवढे पाट तेवढ्याच रंगवा, वर पाच-सहा तयार ठेवा. ऐन वेळी येणारेही असतात.

मूर्ती नेताना कशी उचलायची ते प्रत्येकाला दाखवा. बैठकीखाली दोन्ही हात. प्रभावळ, हात, सोंड यांना धरून कधीच नाही. रिक्षातून न्यायची तर खाली पेंढा आणि कोणाच्या तरी मांडीवर. शाडूची मूर्ती पीओपीपेक्षा जड आणि ठिसूळ असते, हे नवीन गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. प्राणप्रतिष्ठेआधी बोट मोडलं तर दुरुस्त करून द्या. त्यासाठी चतुर्थीच्या आदल्या रात्री थोडी कालवलेली पूड आणि अंगरंग झाकून ठेवा.

बाकीच्या वर्षासाठी काय, हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. माघी गणपती, नागपंचमीचे नागोबा, बेंदूर-पोळ्याचे बैल, हरतालिकेच्या मूर्ती, गौरीचे मुखवटे, नवरात्रातल्या देवी, दिवाळीच्या किल्ल्यांवरचे मावळे : यातलं तुमच्या भागात काय खपतं ते बघून दोनच निवडा. सगळं करायला गेलात तर प्रत्येकाला साचा, जागा आणि वेळ लागतो. मुंबई-पुण्याच्या दुकानदारांना ठोक माल देण्याच्या मागे पहिली तीन वर्षं तरी लागू नका; ते पेणशी भावात तुलना करतील आणि त्या तुलनेत तुम्ही मार खाल.

त्यापेक्षा शाळा आणि सोसायट्यांमध्ये श्रावणात मुलांसाठी मूर्ती शिकवण्याचे वर्ग घ्या. रोख पैसे, साठवण नाही, फूटतूट नाही. सहा-सात इंची मूर्तीला प्रत्येकी दीड ते दोन किलो मळलेली माती, अडीच तास आणि आठ-दहा मुलांमागे एक मदतनीस. माती मळूनच न्या. मुलांच्या हातात पूड दिलीत तर पहिला तास चिखलात जातो. पोट आणि बैठक एकाच गोळ्याची करायला शिकवा, पोट पेन्सिलीने खालून पोखरा, हात आणि सोंड खरवडून जोडायला लावा. वीस मुलांकडून ४०० रुपये घेतले तर एका सकाळी ८,००० येतात. वरच्या हिशेबात आठ मूर्ती विकून एवढं उरतं, आणि त्या आठ मूर्तींना चौसष्ट तास लागतात. शिकवणं जमत असेल तर तुमच्या घरखर्चाचा मोठा भाग इथून निघू शकतो.

कागदपत्रं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. मातीच्या मूर्तींवर जीएसटी नाही. कर्ज पहिल्या वर्षी घेऊच नका. साठ मूर्तींच्या खर्चाचे २४ हजार पगारातून थोडे-थोडे बाजूला काढून जमवा. पुढे पूर्णवेळ उतरलात की पीएम विश्वकर्मा योजना पाहा. सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक कामं आहेत, मूर्तिकार त्यात येतो. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत व तो फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, असं तिचं स्वरूप आहे. नोंदणी सीएससी (सामायिक सेवा) केंद्रातून होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि आधी घेतलेलं मुद्रा कर्ज फेडायचं बाकी असेल तर अर्ज अडतो. घाईने मुद्रा घेऊन ही वाट बंद करून घेऊ नका.

राजीनामा कधी? माझं मत : लागोपाठ दोन चतुर्थ्या पार पडल्यावर, दुसऱ्या वर्षी किमान १०० पाट आगाऊ रकमेसकट आले असतील, पहिल्या वर्षीचे दहापैकी आठ पाट परत आले असतील, चतुर्थीखेरीजच्या कामातून वर्षाला लाखभर येत असेल, आणि सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे १ लाख ३२ हजार, बँकेत वेगळा पडून असेल तर. हातात पैसे येणारा काळ श्रावण-भाद्रपदाचा. माघ ते आषाढ नुसता खर्च चालतो. ते सहा महिने या ठेवीवरच काढायचे असतात. यातलं एक जरी कमी पडलं तर आणखी एक वर्ष नोकरीत काढा. वहीतले तास पाहून तुम्हाला असंही वाटू शकेल की वर्षाला साठ मूर्ती आणि नोकरी, एवढंच बरं. तसं ठरवलंत तरी ती चांगली जोडकमाई आहे, आणि मूळ मूर्ती घडवण्याचा तुमचा नोव्हेंबर तुमच्याकडेच राहतो.

नोव्हेंबरआधी दोन कामं उरका. पेणला किंवा हमरापूरला जाऊन पाच-सहा कच्च्या मूर्ती आणा, त्यांना पांढरा हात, अंगरंग, आखणी करा आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते लिहा. वर धरलेल्या आठ तासांपैकी रंग-आखणीचे तीन तास तुमच्या हातात दोन होतात की पाच, ते त्यातच कळेल, आणि साठचा आकडा त्याप्रमाणे कमी-जास्त करा. दुसरं, पतसंस्थेत पुढच्या चतुर्थीआधीच्या दहा दिवसांच्या रजेचा अर्ज आत्ताच देऊन ठेवा. त्या दहा दिवसांत आखणी, पाट देणं आणि बाकी घेणं या तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात, आणि तेव्हा मागितलेली रजा कोकणात कुणालाच मिळत नाही.